गाऱ्हाण्यातलं राहिलेलं नाव

धाकट्या सुनेला देवाची चाड नाही, हे कौसल्याबाईंचं म्हणणं एव्हाना चाळीच्या तिन्ही मजल्यांना पाठ झालं होतं. मंजुळा देवाशी बोलते तर बोलू दे, कोण नको म्हणतंय? पण त्याला काही जागा असते, काही वेळ असते. अंग धुवावं, डोक्यावर पदर घ्यावा, देव्हाऱ्यासमोर नीट मांडी घालून बसावं आणि मग तोंड उघडावं. ही बया मोरीत उकिडवी बसणार, कोपरापर्यंत राख, पदर कमरेला खोचलेला, आणि तिथून देवाला सांगणार, बाबा, नळाची धार अजून थोडी राहू दे रे, दोन चादरी राहिल्यात.

"देव काय मोरीत येऊन बसलाय हिच्याबरोबर भांडी घासायला?" कौसल्याबाईंनी विचारलं.

थोरली सून गुणवंती सुपात तांदूळ निवडत होती. सासूचा राग धाकटीकडे वळला की आपल्या वाट्याचं ऊन कमी होतं, हे ती अकरा वर्षांत शिकली होती. तिनं एक खडा उचलून बाहेर टाकला आणि म्हणाली, "काल फोडणी घालताना पण तेच. मोहरी तडतडतेय आणि ही म्हणतेय, भावोजींचा खोकला बघ. मला वाटलं माझ्याशीच बोलते. मी आपली हो हो करतेय."

"तू कशाला हो करतेस?"

"कळलं नाही ना आई."

"आता कळलं ना? मग पुन्हा करू नकोस."

संप सुरू होऊन सात महिने झाले होते. दोन्ही मुलगे एकाच मिलमधले. थोरला दत्ताराम साचेखात्यात मागावर, तो युनियनच्या बैठकांना जायचा आणि बाकीचा वेळ गॅलरीतून बंद धुराड्याकडे बघत बसायचा. धाकटा रामदास लावणीला म्हणून गावी गेला आणि तिकडेच थांबला, निदान तिथे एक तोंड शेतावर भरत होतं. त्याची बायको मंजुळा मात्र मुंबईतच राहिली आणि पहाटे उठून दादरला जायला लागली. फुलं घ्यायची, तिथेच एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून वेण्या गुंफायच्या, विकायच्या, दुपारी एकला घरी. गिरण्यांचे भोंगे बंद झाल्यापासून त्या खोलीत वेळ कळायची ती तिच्या रिकाम्या टोपलीवरून. टोपली उंबऱ्यात टेकली की एक वाजला.

ते सगळं ठीक होतं. कौसल्याबाई कामाला नावं ठेवणाऱ्यांतल्या नव्हत्या. खरं दुखणं दुसरं होतं आणि ते त्या कुणाला सांगणार नव्हत्या.

दुखणं कांद्याचं होतं. दोन महिन्यांपूर्वी मोर्चातून पोलिसांनी दत्तारामला उचललं. दोन दिवस पोरगा आत. कौसल्याबाई दोन दिवस देव्हाऱ्यासमोरून उठल्या नाहीत, पाण्याचा थेंब घेतला नाही, गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी मंजुळा कांदा चिरायला बसली आणि डोळे पुसत म्हणाली, बाबा, भावोजींना सोडव आता, आले तर गरम भाकरी टाकते. कांदा तव्यात पडायच्या आत जिन्यावर दत्तारामची पावलं वाजली. गुणवंतीनं हे गॅलरीत सांगितलं. गुणवंतीच्या पोटात काही राहतं थोडंच? संध्याकाळपर्यंत मंजुळेच्या कांद्याची गोष्ट काळाचौकीपर्यंत गेली. कौसल्याबाईंच्या दोन कोरड्या दिवसांबद्दल कुणी एका शब्दानं विचारलं नाही.

दुसऱ्याच दिवशी समोरच्या खोलीतली चंपा आली. मुलीच्या लग्नाचं कुठे जमत नव्हतं. कौसल्याबाई दारातच बसलेल्या, चंपा त्यांच्या पायावरून पाय टाकून आत गेली आणि मोरीच्या कठड्याशी बसून मंजुळेला म्हणाली, बाय, माझ्या पोरीचं पण सांग गो त्याला.

पायावरून पाय टाकून गेली. ते कौसल्याबाई विसरल्या नव्हत्या. चाळीस वर्षं त्या देवाच्या दाराशी उभ्या होत्या, मिलच्या साहेबाच्या केबिनबाहेर उभं राहावं तशा. धुतलेलं लुगडं, जोडलेले हात, नवस बोललेला, नवस फेडलेला, कुठे कसर ठेवली नाही. साहेब कधी हो म्हणाला, कधी नाही. आणि ही चार वर्षांपूर्वी आलेली सून मागच्या दारानं आत जाते, साहेबाच्या टेबलावर बसून चहा पिते, आणि साहेब तिला हसून विचारतो, काय गो, आज काय पाहिजे?

*

श्रावणातल्या शेवटच्या रविवारी घरात राखण असायची.

गावी शेताच्या मेरेवर राखणदाराला नारळ देतात. सासऱ्यांनी मुंबईत ही खोली घेतली तेव्हा शेत नव्हतं, मेर नव्हती. त्यांनी उंबराच धरला. गावच्या दिशेला शेंडी करून उंबऱ्यावर नारळ ठेवायचा, घरातल्या वडीलधाऱ्यानं गाऱ्हाणं घालायचं, एकेकाचं नाव घेऊन तो कुठे आहे, काय करतो, हे राखणदाराला सांगायचं, आणि जमलेल्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. मग नारळ फोडून अर्धी वाटी चाळीच्या फाटकाशी ठेवायची. नाव घेतलं तो राखणीत आला, वर्षभर त्याच्या पाठीमागून राखणदार चालतो. नाव राहिलं तो उघड्यावर. सासरे हे सांगताना आवाज खाली आणायचे, आणि नव्यानं आलेल्या कौसल्याबाईंनी पहिल्या वर्षी आपलं नाव येईपर्यंत श्वास धरून ठेवला होता.

सासऱ्यांमागून गाऱ्हाणं नवऱ्याकडे आलं. आठ वर्षांपूर्वी नवरा गेला, तेव्हा दत्तारामची जीभ अडली. तीन वाक्यांत तो गप्प झाला. बाईनं गाऱ्हाणं घालायचं नसतं म्हणून नवऱ्याचा गाववाला धोंडूमामा उठून उभा राहिला होता. कौसल्याबाईंनी त्याला हातानं खाली बसवलं आणि नारळासमोर उभ्या राहिल्या. अक्षर एक येत नव्हतं त्यांना, शाळेचं तोंडही पाहिलेलं नव्हतं, पण बावीस माणसांची नावं, चार गावच्या सोयऱ्यांसकट, त्यांनी एका दमात घेतली. त्या दिवसापासून ते त्यांचं. सोनं विकलं गेलं, माळ्यावरची तांब्याची भांडी गेली, ते राहिलं.

यंदा रविवार नेमका पंधरा ऑगस्टला आला. खाली चौकात झेंडा लावलेला, लाउडस्पीकरवर गाणी. खोलीत धोंडूमामा, चंपा, गुणवंती आणि तिच्या दोन मुली, दत्ताराम. मंजुळा दाराशी उभी, हातात ओली अबोलीची वेणी. ती तिनं नारळाला आणली होती.

दत्ताराम घसा खाकरून म्हणाला, "आये, यंदा मंजुळेला घालू दे."

कौसल्याबाईंना आधी वाटलं, लाउडस्पीकरमुळे नीट ऐकू आलं नाही. मग दत्ताराम खाली मान घालून सावकाश सांगत राहिला. घर खचत चाललंय, माणसं गावी गेलीत, संपाचं काय होईल ते कुणाला ठाऊक नाही. तुझं वय झालं, गुडघा चालत नाही. तिचं तोंड जरा... तो पुढचा शब्द शोधत राहिला.

धोंडूमामानं तो शोधून दिला. "खरंय दत्ताचं. तिचं लवकर पोचतं म्हणतात."

"पोचायला ते काय पोष्ट आहे?" कौसल्याबाई म्हणाल्या. "आठ वर्षांपूर्वी बाईच्या तोंडचं चालत नव्हतं तुला, मेल्या. आता दुसऱ्या बाईचं चालतं?"

धोंडूमामा हसला, पण शब्द परत घेतला नाही. गुणवंतीकडे बघावं म्हणून कौसल्याबाईंनी मान वळवली, तर गुणवंती मुलीच्या वेणीची रिबीन पुन्हा बांधत बसलेली, जी मुळात सुटलीच नव्हती. मग त्यांना कळलं, हे आधीच बोलणं झालेलं आहे. आपल्यामागे, मोरीच्या बाजूला बसून.

मंजुळा म्हणाली, "नको भावोजी. मला ते येत नाही. मला नुसतं बोलता येतं."

हे तिनं इतक्या साधेपणानं म्हटलं की त्यावर रागवायलाही जागा राहिली नाही. कौसल्याबाई भिंतीला धरून उठल्या. "मी अजून उभी आहे," त्या म्हणाल्या. "पाट आणा."

नारळ ठेवला, वेणी वाहिली, लाउडस्पीकर आपोआपच थांबल्यासारखा झाला. कौसल्याबाईंनी हात जोडले आणि आवाज गावचा केला.

"बा देवा म्हाराजा, वेशीवरच्या, मेरेवरच्या राखणदारा. आज तुझी लेकरा ह्या उंबऱ्यार जमली असत. जो काय नारळ ठेवलो हा, तो गोड मानून घे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"ह्यो दत्ताराम, सात म्हैने हात बांधून बसलो हा. त्येका वाट दाखव, त्येच्या अंगाक कोणाचो हात लागू देव नको म्हाराजा."

"होय म्हाराजा."

गुणवंती आली, तिच्या दोन मुली आल्या. गावचा रामदास आला, चिखलातले त्याचे पाय आले, मेरेवरच्या जनावरापासून त्याची राखण मागितली. होय म्हाराजा. त्याच्या मागोमाग नाव ओठाशी आलं. तिथेच होतं, जिभेच्या टोकावर, आणि त्याच वेळी होय म्हणणाऱ्या आवाजांत मंजुळेचा आवाज त्यांना सगळ्यांत वरचा, सगळ्यांत खुशीचा ऐकू आला, जणू गाऱ्हाण्याच्या दुसऱ्या टोकाला जो ऐकत होता त्याला ती आधीच भेटून आली होती. कौसल्याबाईंनी नाव गिळलं. जीभ पुढे उडी मारून रामदासच्या मावशीवर गेली, मग चुलत्यांवर, मग सोयऱ्यांवर. परत येता आलं असतं. गाऱ्हाण्यात मागं राहिलेलं नाव नंतरही घेता येतं, सासऱ्यांनी स्वतः एकदा घेतलं होतं. त्या परत आल्या नाहीत. शेवटचं होय म्हाराजा झालं आणि दत्तारामनं नारळ फोडला.

मंजुळेनं खोबऱ्याचे तुकडे वाटले. सासूच्या हातावर सर्वांत मोठा ठेवला आणि म्हणाली, "दाताखाली करवंटीचा बारीक तुकडा येईल आई, बघून खा."

फक्त गुणवंती मोजत होती. ती मागाहून कानाशी आली. "आई, एक नाव राहिलं ना?" तिच्या आवाजात आधी थोडं हसू होतं. कौसल्याबाई खोबरं चावत राहिल्या तसं ते हसू विरघळत गेलं आणि तिथे भीती आली. "आई, ती रोज एवढ्या लांब जाते."

"राहिलं तर राहिलं. तिला काय गरज? तिचं तर मोरीतच भागतं."

*

सोमवार-मंगळवार कौसल्याबाईंचे कान मोरीकडे लागलेले होते. आपली तक्रार जाते की काय, एवढंच त्यांना ऐकायचं होतं. जाणारच. माणूस आहे, नाव वगळलं तर कुणालाही लागतं, आणि हिच्याकडे तर सांगायला माणूसही तसंच. मंगळवारी मंजुळा टोप घासता घासता बोलायला लागली तेव्हा कौसल्याबाई भिंतीला टेकून श्वास रोखून बसल्या. आधी रामदासचं झालं, तिकडे पाऊस फार आहे का ते. मग गुणवंतीच्या धाकटीचा दात. मग आवाज जरा खाली आला.

"आईंचा गुडघा बघ जरा बाबा. जिना उतरताना त्या भिंत धरतात, पण कुणाला दाखवत नाहीत."

कौसल्याबाईंना शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. माझा गुडघा माझा. माझ्या गुडघ्याचं काय ते मी सांगेन त्याला, ही कोण मध्यस्थ? त्या उठल्या, लंगडत देव्हाऱ्यापाशी गेल्या, हात जोडले, आणि त्यांच्या लक्षात आलं की चाळीस वर्षांत गुडघ्याबद्दल त्यांनी देवाला कधी काही सांगितलंच नव्हतं. एवढ्याशा गोष्टीसाठी साहेबाकडे जायचं कसं, असंच त्यांना वाटत आलं होतं. त्यांनी वात थोडी पुढे केली आणि न बोलता परत येऊन बसल्या.

बुधवारी मंजुळा नेहमीसारखी पहाटे गेली.

दहाच्या सुमारास चंपा जिन्यावरून ओरडत आली. पोलीसच रस्त्यावर उतरलेत म्हणे. पोलिसांनीच काम बंद केलंय, नायगावात जाळपोळ, दादरला बसगाड्या पेटवल्या, गाड्या बंद, दुकानांच्या शटरी खाली. खालच्या चौकातून पळत जाणाऱ्या माणसांचे आवाज येत होते. दत्तारामनं सदरा चढवला आणि न सांगता बाहेर पडला. कुठे ते विचारायची गरज नव्हती.

एक वाजला असावा. टोपली उंबऱ्यात टेकली नाही.

दोन वाजले असावेत. गुणवंतीनं चूल पेटवली आणि तशीच विझवली. कौसल्याबाईंनी भाकरीचं पीठ मळायला घेतलं, कारण हातांना काहीतरी द्यायला हवं होतं. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. आता त्या खोलीत एकच गोष्ट बसलेली होती आणि ती दोघींनाच ठाऊक होती.

शेवटी गुणवंतीच बोलली. तोंड भिंतीकडे करून, म्हणून आवाज दबल्यासारखा आला. तिनं सांगितलं, तुम्ही तिच्याविरुद्ध बोलायचात तेव्हा मी हो ला हो केलं, मला बरं वाटायचं. पण यांना पोलिसांनी उचललं तेव्हा ती दोन दिवस माझ्या मुलींना जेवू घालत होती. मी तिला एकदाही जरा टेक म्हटलं नाही. मग ती वळली.

"आता घ्या ना आई तिचं नाव. अजून घेता येईल."

"नारळ नाही."

"दुकानात—"

"दुकानं बंद आहेत, ऐकलंस ना."

चारच्या पुढे दत्ताराम परत आला. सदऱ्याची बाही फाटलेली, डोळे धुरानं लाल. हिंदमाता टॉकीजच्या पुढे जाऊच देत नाहीत, त्यानं सांगितलं. दोन गल्ल्यांतून प्रयत्न केला, दोन्हीकडून माणसं उलटी पळत आली. फुलवाल्यांच्या बाजूला काय झालं ते कुणालाच माहीत नाही. तो भिंतीला टेकून बसला आणि खिशातली विडी काढून तशीच हातात धरून राहिला.

कौसल्याबाई देव्हाऱ्यापाशी गेल्या. "बा देवा म्हाराजा," त्यांनी सुरुवात केली. पुढचं आलं नाही. बावीस नावं एका दमात घेणारी ती जीभ, तिला वेशीवरचा, मेरेवरचा, काही सापडेना. हात पिठाचे होते. पाणी सकाळीच गेलेलं, अंग धुवायची सोय नव्हती. केबिनचं दार बंद होतं आणि अर्ज लिहायला कागद नव्हता.

त्या तशाच वळल्या, बाहेर पडल्या, भिंत धरून जिना उतरल्या. एकेक पायरी, आज कुणी बघितलं तरी बघू दे. फाटकाशी रविवारची नारळाची अर्धी वाटी पडलेली होती, कावळ्यांनी साफ केलेली. पलीकडे परळच्या अंगाला धूर आभाळात सरळ उभा होता. कौसल्याबाई वाटीसमोर उभ्या राहिल्या. पदर डोक्यावर घ्यायचा राहिला.

"ऐक," त्या म्हणाल्या. "हात पिठाचे आहेत. नारळ नाही. असंच ऐक."

फाटकातून दोन माणसं धावत आत आली आणि त्यांच्या बाजूनं वर निघून गेली. त्या हलल्या नाहीत.

"रविवारी मी एक नाव गिळलं. तुला ठाऊक आहे, तुझ्यापासून काय लपतंय. पण ते तिच्यावरच्या रागानं नाही रे. तू तिचं ऐकतोस म्हणून. मी चाळीस वर्षं दारात उभी आणि तू तिच्या कांद्याला उठून येतोस. राग तुझ्यावर होता. तर माझ्याशी भांड. मला काय ते कर. तिला कशाला उघड्यावर ठेवतोस?" त्यांचा श्वास पुरेना. त्यांनी फाटकाचा गज धरला आणि त्यावर पिठाची बोटं उमटली. "मंजुळा. रामदासची घरकारीण. दादरला गेलीय, वेण्यांची टोपली आहे. हिरवं पातळ आहे, उजव्या पायाचा अंगठा ठेचलेला आहे, त्याला चिंधी बांधलीय. चुकायचं नाही. मंजुळा. घेतलं नाव. ऐकलंस? मंजुळा."

मागून जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून म्हातारा धोंडूमामा हळूच म्हणाला, "होय म्हाराजा."

वर गॅलरीतून गुणवंतीचा आवाज आला, रडका, उशिराचा. "होय म्हाराजा."

कौसल्याबाईंनी मागं वळून पाहिलं नाही. त्या वर गेल्या नाहीत. धोंडूमामानं आणलेल्या स्टुलावर फाटकातच बसून राहिल्या, आणि मधूनमधून त्यांचे ओठ हलत होते. काय ते धोंडूमामाला ऐकू आलं नाही. एवढंच कळलं की गाऱ्हाण्याची चाल त्यात नव्हती. शेजारणीला काही सांगावं, तसं चाललं होतं.

*

दिवेलागणीला मंजुळा आली. चपला हातात, टोपली डोक्यावर पालथी, हिरव्या पातळाचा काठ काळा झालेला. फाटकात सासूला बघून ती थबकली. बहुतेक तिला वाटलं, घरात काही वाईट झालंय.

"भावोजी ठीक आहेत ना?"

"तो ठीक आहे. सगळी ठीक आहेत. तू कुठे मेली होतीस?"

वर खोलीत सगळे जमले तेव्हा तिनं सांगितलं. एका पूजेच्या सामानवालीनं तिला आत ओढून शटर खाली केलं. सात बायका आणि अगरबत्तीची खोकी, श्वास घ्यायला जागा नाही, बाहेर काचा फुटल्याचे आवाज. तीनच्या सुमारास थोडं शांत झालं तशी ती निघाली. मोठ्या रस्त्यानं जाऊच नको असं सामानवालीनं सांगितलं होतं, म्हणून गल्ल्यागल्ल्यांतून. एका ठिकाणी रस्ता बंद, परत मागं. एका ठिकाणी जळकी बस होती आणि तिच्या बाजूनंच जायला वाट होती. गुणवंतीनं तिला पाण्याचा तांब्या दिला आणि तांब्या परत घेताना तिचा हात धरला तो सोडला नाही. दत्ताराम दाराशी उभा राहून तोंड फिरवून डोळे पुसत होता. चंपाही आली होती, पण ह्या खेपेला उंबऱ्याबाहेर थांबली.

कौसल्याबाई पिठाच्या परातीशी बसलेल्या होत्या. पीठ सुकून त्याला भेगा पडल्या होत्या.

"भीती नाही वाटली?" त्यांनी विचारलं.

"वाटली ना. फार वाटली. मी त्याला सांगत होते, मला भीती वाटतेय."

"मग तो काय म्हणाला?"

मंजुळा जरा विचारात पडली. असं तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. "तो काही म्हणत नाही आई. तो बरोबर चालतो."

कौसल्याबाईंनी परातीच्या कडेचं वाळलेलं पीठ नखानं खरवडलं.

"रविवारी मी तुझं नाव घेतलं नाही."

"हो," मंजुळा म्हणाली.

"तुला कळलं होतं?"

"हो. मी त्याला सांगितलं, आईंच्या तोंडून राहिलं, मनातून नाही."

"माझ्या मनातलं तू कशाला सांगतेस त्याला? खोटं सांगितलंस. राहिलं नव्हतं, गिळलं होतं मी." त्यांचा आवाज वर गेला आणि तिथेच थांबला. "तुला राग नाही आला?"

मंजुळेनं पायाच्या अंगठ्याची सुटलेली चिंधी घट्ट केली. मग ती खाली बघत सांगू लागली. आईबाप गेले तेव्हा ती सहा वर्षांची होती. काकाच्या घरी राहिली. तिथे अकरा माणसं, पण तिच्याशी बोलायचं ते कामापुरतं, पाणी भर, ढोरं सोड. देवाच्या खोलीत तिला जायला बंदी होती. मग विहिरीवर, गोठ्यात, चुलीशी, जिथे ती असायची तिथूनच ती त्याच्याशी बोलायला लागली. "दुसरं ऐकायला कोणी नव्हतं आई. तेव्हा तो नसता आला तर मी वेडी झाले असते. त्याला मोरी काय आणि देव्हारा काय. रविवारी वाईट वाटलं. पण एवढं कळलं होतं की नाव नाही घेतलं तरी तो मला ओळखतो."

गुणवंतीनं घाबरून सासूकडे पाहिलं. हे शेवटचं मंजुळेनं बोलायला नको होतं. तेच तर सगळं दुखणं होतं, उघडं, तिखट लावलेलं. दत्तारामही दारातून आत आला, मध्ये पडायला.

पण कौसल्याबाई उठल्या. परात बाजूला सारली, गुडघ्यावर हात ठेवला, भिंतीला न धरता उठायचा प्रयत्न केला, जमला नाही, आणि मंजुळेनं पुढे केलेला हात त्यांनी धरला. उभ्या राहिल्यावरही तो सोडला नाही. साऱ्या खोलीला, उंबऱ्याबाहेरच्या चंपेला आणि जिन्यावर कान देऊन बसलेल्या धोंडूमामाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या सुनेला म्हणाल्या:

"ऐक गो. गाऱ्हाणं मीच घालणार, मरेपर्यंत. ते मी कुणाला देत नाही, तुलाही नाही. त्यात तुझं नाव पहिलं येईल, दत्तारामच्या आधी. आणि चाळीस वर्षं मी त्याला देव्हाऱ्यात बसवला तरी तो उठून तुझ्या मोरीत आला, हे मला पटलेलं नाही, पटणारही नाही. पण तो तुझ्या एकटीचा नाही. उद्यापासून भांडी घासताना त्याच्याशी बोलशील ते मोठ्यानं बोलायचं, माझ्या गुडघ्याचं असलं तरी. मी इथे बसलेली असेन. कुणीतरी होय म्हणायला नको?"